झुलाल पेंटरने उघडलेले डोळे

झुलाल पेंटरचा हात कशावर चालला नाही, ते विचारा! शिंदखेड्यात त्याने पोळ्याच्या बैलांची शिंगं रंगवली, गणपती घडवले, मग नाटक कंपनीबरोबर हिंडून राजवाड्यांचे आणि जंगलांचे पडदे रंगवले. शेवटी धुळ्यात फोटोचा स्टुडिओ काढला. पाटीवर स्वतःच्या नावापुढे त्याने 'आर्टिस्ट' लिहिलं, तेव्हा बायको ताईबाई हसून हसून बेजार झाली.

१९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. घरोघर माणसं जाऊ लागली, आणि ज्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता, त्यांची नातलग मंडळी झुलालकडे धावू लागली. मेलेल्या माणसाला भिंतीशी टेकवून बसवायचं, फोटो घ्यायचा आणि छापलेल्या कागदावर मिटल्या पापण्यांच्या जागी रंगाने उघडे डोळे काढायचे. पण डोळे आणायचे कुठून? तो ताईबाईला समोर बसवी. "मनाकडे देख," म्हणे. ती पिठाचे हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे निमूट बघत राही. म्हाताऱ्यांसाठी तो तेच डोळे थकवी, पोरांसाठी मोठे करी. पाचोऱ्याची शेवंताबाई मात्र ताईबाईच्याच वयाची होती, म्हणून तिला ते जसेच्या तसे दिले.

आणि ताईबाईचा फोटो? तो राहिलाच! घरचंच माणूस, कधीही काढू. अठरा वर्षं हे 'कधीही' चाललं. एवढा हुशार माणूस, पण या बाबतीत ठार वेडा. १९३६च्या उन्हाळ्यात ती तीन दिवसांच्या तापाने गेली. हा जळगावला पडद्याच्या कामावर होता. परतला तोवर सगळं आटोपलं होतं.

मग तो कागद घेऊन बसला. नाक जमलं, हनुवटी जमली, डोळे काही येईनात. काढले की परक्या बाईचे वाटत. पुसून पुसून कागद फाटले. जेवण सुटलं, स्टुडिओ बंद पडला. ती आपल्या डोक्यातूनही निघून चालली, ही भीती त्याच्या मनात बसली. एका सकाळी तो रंगाची पेटी घेऊन पाचोऱ्याच्या गाडीत बसला. शेवंताबाईच्या घरात ते डोळे होते. बघून उतरवून घ्यायचे, बस्स.

शेवंताबाई गेली तेव्हा तिचा मुलगा निंबा चार वर्षांचा होता. आता चांगला बाप्या झाला होता. झुलालने नाव सांगताच त्याच्या येण्याने निंबाचा चेहरा फुलला.

"नाना, बरं झायं तुम्ही उनात!" म्हणत तो घरातून फोटो घेऊन आला.

फोटोची काच केव्हाच फुटली होती. आईच्या तिथीला निंबा दरवर्षी तो ओल्या फडक्याने मायेने पुसून कुंकू लावी. पाण्याचा रंग तो, किती टिकणार? शेवंताबाई डोळे मिटून भिंतीला टेकली होती.

झुलाल ओसरीवरच बसला आणि ढसाढसा रडला. निंबाला वाटलं, म्हातारा आपल्या आईसाठीच रडतोय. त्याने वाटीत पाणी आणलं आणि फोटो त्याच्या मांडीवर ठेवला.

"मले मनी मायनं दुसरं काहीच ध्यानमा नही, नाना. तिना डोया तेवढा ध्यानमा शेतस. पहिले व्हतात तसाच काढी द्या."

झुलालने ब्रश भिजवला. तो हातातच सुकला, म्हणून पुन्हा भिजवला. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत तो तसाच बसून होता. मग त्याने फोटो निंबाच्या हाती परत दिला.

"मले येत नही, बापू," तो म्हणाला.