शिफारस लिहायची राहिली

व्हर्न,

मंगळवारी तुला पुरलं. पाद्री नवा आहे, तिशीतला. त्याने तुला जिवंतपणी दोनदा पाहिलं असेल-नसेल. तो म्हणाला, "व्हर्न ट्रेगेन्झा यांनी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधल्या आणि वेळ आली तेव्हा ज्युरीचे प्रमुख म्हणून न्यायाचं कर्तव्यही चोख बजावलं." चोख! उठून त्याला गप्प करावंसं वाटलं, पण ड्युल्सीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. माझी धाकटी बहीण असून तुझ्या बायकोची पकड पहिल्यापासून जबर. नंतर सभागृहात चहा आणि काकडीचे सँडविच. तिथे दोघे मला म्हणाले, "तेव्हाची माणसं कणखर हो! आता आहे का कुणाची छाती, एखाद्याला फासावर चढवायची?" मी बशी ठेवली आणि घरी आले.

तू कणखर नव्हतास. हे पाद्र्याला ठाऊक नाही, मला आहे. म्हणून लिहिते.

आपल्या बुलारा गावात नळ येईपर्यंत जो पाणी प्यायला तो तुझ्या टाकीतलं प्यायला. पन्हळी पत्रा रुळांतून वाकवायचा, रिव्हेट ठोकायचे, सांध्यांना डाख द्यायचा आणि मग टाकी काठोकाठ भरून एक दिवस एक रात्र तशीच ठेवायची. गिऱ्हाईक लॉरी घेऊन दारात उभं असलं, शिव्या देत असलं, तरी तू हलायचा नाहीस. "पाण्याला घाई नसते," म्हणायचास. "ते बसतं वाट शोधत." सकाळी खडू घेऊन टाकीभोवती फिरायचं आणि ओल दिसेल तिथे फुली मारायची. चोवीस तासांच्या आत तू कुणाला बादलीसुद्धा दिली नसतीस. आणि डेस्मंड पाइकचा निकाल तुम्ही बारा जणांनी चाळीस मिनिटांत लावलात.

पाइक निर्दोष नव्हता. निर्दोष माणूस फासावर गेला की हळहळायला काही लागत नाही, ते कुणीही करतं. पाइक हलकट होता. पेट्रोल पंपाच्या गल्ल्यासाठी त्याने एल्सी गॉडफ्रीला पोटात गोळी घातली. साठीची विधवा. मरायला तिला चार तास लागले. माझ्या गाडीची काच ती न सांगता पुसायची. कोर्टात तिची बहीण साक्ष देत होती, तेव्हा हा नखं कुरतडत बसला होता. दोषी ठरवलंत, ते बरोबरच.

पण तो शुक्रवार होता, सप्टेंबर एकसष्टचा, आणि शनिवारी बुलारा आणि केन्ली यांचा अंतिम सामना. बुलारा पंधरा वर्षांनी अंतिम फेरीत. पाचपर्यंत निकाल झाला नाही तर कोर्टाचा शिपाई तुम्हा बाराही जणांना हॉटेलात कोंडणार, शनिवारी पुन्हा खोलीत नेणार, आणि तुम्हाला फुटबॉलऐवजी एकमेकांची तोंडं बघावी लागणार. त्या खोलीत काय झालं ते तूच मला सांगितलंस. दोषी, यावर बाराही हात वर गेले, आणि खुनाला कायद्यात शिक्षा एकच, फाशी. मग शेतकरी अल्फ मेन्झेल म्हणाला, "आणि ते दयेचं? फाशी नको अशी शिफारस, ती खाली लिहायची ना?"

मिक ड्वायर हसला. मिकचा पब, मिकचा मुलगा संघात. "अल्फ, लेका, फाशी देतायत कुणाला आता? बारा वर्षांत एकाला तरी दिली? मंत्री जन्मठेप करून टाकतो, ठरलेलंच असतं. तुझ्या शिफारशीवाचून काय अडलंय?"

पेन तुझ्या हातात होतं. तू म्हणालास, "न लिहिलं तरी तेच होणार."

पावणेपाचला सुटलात. दुसऱ्या दिवशी बुलारा नऊ गुणांनी जिंकलं.

सात आठवड्यांनी तू मधल्या सुट्टीत माझ्या शाळेत आलास. हाताला डाखाचा, आम्लाचा वास, आणि मुठीत वर्तमानपत्र. येत्या फेब्रुवारीत निवडणूक होती. सरकारने ठरवलं होतं, पाइकला सोमवारी तेरा तारखेला सकाळी आठ वाजता फाशी. खाली एकच कारण: "ज्युरीने दयेची शिफारस केलेली नाही."

"थेल, तुला लिहिता येतं," तू म्हणालास.

"तुलाही येतं."

"मला पावती लिहिता येते. हे मंत्र्याला लिहायचंय."

"लटकू दे की मेल्याला. एल्सीसाठी कुणी अर्ज लिहिला होता?"

हो, मी असंच म्हणाले. कॉलेजात शिकलेली, पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी. तू चिडला नाहीस. "असेल तुझं बरोबर," म्हणालास. "आम्ही लटकवायचं ठरवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आम्ही ते ठरवलंच नव्हतं. आमच्या नावावर खपवतायत ते."

मी लिहून दिलं, पोराचा निबंध सुधारून द्यावा तसं, मन न घालता. मजकूर एवढाच: फाशी होणार नाही अशी आमची समजूत होती, म्हणून शिफारस लिहिली नाही. ती आज करतो. दोन प्रती काढल्या. तू म्हणालास, "बाराच्या बारा सह्या झाल्या तर त्यांना ऐकावंच लागेल. तूही चल बरोबर. मला बोलता येत नाही लोकांशी."

"टाक्यांची घासाघीस तर तासभर करतोस!"

"टाकी दाखवता येते, मास्तरीणबाई."

रविवारी तुझ्या लॉरीतून निघालो. पहिला अल्फ. लोकर कातरायच्या छपरात त्याने पिंपावर कागद ठेवून सही केली आणि मान वर करून म्हणाला, "मी विचारलं होतं की नाही? व्हर्न, विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

"मला नको सांगू. हिला सांग." हिला म्हणजे बायकोला. ती दारात हात बांधून उभी होती.

"विचारलंस आणि मग गुळणी धरून बसलास," ती म्हणाली. "वर मॅचला जाऊन पाय खाल्लेस! अर्धा डझन!" सामन्याला विकतात ते पेस्ट्रीत मटण भरलेले 'पाय', पण तिने ते असे उच्चारले जणू पाइकचेच पाय खाल्लेत.

मग मिकचा पब. आत बायकांना मज्जाव, पण रविवारी पब बंद, म्हणून मला मागच्या दाराने घेतलं. भिंतीवर एक मोठा कागद टाचलेला. चौकोन आखलेले, आठपासून तीसपर्यंत आकडे, प्रत्येकात एकेक नाव.

"हे काय?" मी विचारलं.

"दोर ओढल्यापासून किती मिनिटांनी तो मेला असं डॉक्टर सांगतो, ते," मिक म्हणाला. "पेपरात येतं ना दुसऱ्या दिवशी. बरोबर आकडा त्याला मेंढीची अख्खी तंगडी. पैसे क्लबच्या छपराला जातात हो बाई, धर्मकार्य!"

मी नावं वाचली. त्यात माझे तीन जुने विद्यार्थी होते. चर्चचा ऑर्गन वाजवणारा पीटर्स होता. सगळे चौकोन भरलेले, फक्त तेराचा रिकामा.

"तेरा कुणी घेईना," मिक म्हणाला. "अपशकुनी असतो."

सही मात्र त्याने हसत केली. "एक काय, दोन करतो. कळू दे सरकारला, बुलारा मोठं दयाळू गाव आहे." कागद भिंतीवरून काढला नाही. काढायला हवा, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, उलट जाता जाता त्याने मला विचारलं, "तुम्ही घेताय का तेरा, मिस कर्नो?" मी बाहेर पडले आणि बिअरच्या पिंपांमागे सगळं पोटातलं ओकले. तू पाण्याची बाटली हातात दिलीस आणि तोंड फिरवून उभा राहिलास.

परतताना तू म्हणालास, "पेपरात आलंय, त्याला सर्दी झाली म्हणून डॉक्टर बोलावला."

"ऐकवू नकोस."

"आणि वजन वाढलंय तुरुंगात. रोज तोलतात. वजनावरून दोराची लांबी ठरते, थेल. लांब झाला तर मान तुटून येते, आखूड झाला तर गुदमरतो. म्हणजे कुणीतरी बसून फूट-इंच काढतोय. माझ्यासारखाच कुणीतरी. कानावर पेन्सिल खोचून."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, फाशीच्या बाजूची आणि विरोधाची. जरब बसते, सूड फिटतो, देव क्षमा करायला सांगतो, सगळं ऐकलं. त्यातल्या कशानेच माझं मत बदललं नाही. बदललं त्या कानावरच्या पेन्सिलीने आणि मेंढीच्या तंगडीने. पाइकने एल्सीला मारलं तेव्हा तो घाबरला होता, पळत होता. तो गुन्हा, त्याला शिक्षा हवीच. पण सर्दी बरी करून, तोलून, मोजून, तारीख छापून, पगारी माणसाकडून एकाला मारायचं आणि ते सगळ्या गावाच्या वतीने! माझ्याही वतीने. माझ्या कराच्या पैशाने दोर, माझ्या नावाने खटका. हा घाण धंदा आहे. पाइक चांगला होता म्हणून घाण नाही. पाइक कसाही असता तरी घाणच. आणि फाशीची थोरवी गाणाऱ्यांना मी सांगते, जा, तुम्ही स्वतः दोर मोजा. एकजण उठणार नाही. सगळे काखा वर करणार आणि सोमवारी पेपरात मिनिटं बघणार.

हे मला तेव्हा कळलं होतं, व्हर्न. रविवारीच कळलं होतं. ते लक्षात ठेव.

मंगळवारपर्यंत दहा सह्या झाल्या. उरले दोन. एक मेंढ्या कातरणारा, तो उत्तरेला तीनशे मैलांवर कामाला गेलेला. दुसरा हारकोर्ट, बँकेचा मॅनेजर, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. गुरुवारी सकाळच्या गाडीने तू राजधानीत जाणार होतास.

"मी उत्तरेला जातो," तू म्हणालास. "बुधवारी रात्री परत येईन. हारकोर्टकडे तू जा. तो तुझं ऐकेल. तुम्ही दोघं शिकलेली माणसं."

दुसरी प्रत माझ्या हातात दिलीस आणि निघालास. सहाशे मैल, त्या लॉरीत, नोव्हेंबरच्या उन्हात. गुरुवारी पहाटे आलास तेव्हा डोळे लाल, ओठ फुटलेले, पण अकरावी सही होती. मला विचारलंस, "हारकोर्ट?"

"नाही म्हणाला," मी सांगितलं.

तू मान हलवलीस आणि स्टेशनावर गेलास.

मंत्री भेटला नाहीच. त्याचा एक अधिकारी भेटला. त्याने नावं मोजली. "अकरा. बारावा काय म्हणतो?"

"नको म्हणतो."

"म्हणजे ज्युरीतच एकमत नाही. मग सरकारने काय करावं म्हणता?" कागद त्याने तुला परत दिला. ठेवूनसुद्धा घेतला नाही.

सोमवारी आठ वाजता पाइकला फाशी झाली. सतरा मिनिटं. तंगडी पीटर्सला मिळाली, त्याच्या घरच्यांनी ती रविवारी प्रार्थनेनंतर पुदिन्याच्या चटणीशी खाल्ली आणि उरलेली सोमवारी डब्यात नेली. तू पुन्हा कधी फुटबॉलला गेला नाहीस. लोक म्हणाले, व्हर्नचं वय झालं. बेचाळीस वर्षांचा होतास.

हारकोर्टला तू कधी काही बोलला नाहीस. रस्त्यात दिसला की टोपीला हात लावायचास. ड्युल्सी चिडायची, "त्या दगडाला कशाला नमस्कार?" तू म्हणायचास, "त्याचं मत त्याने सांगितलं. लपवलं तर नाही." तीन वर्षांनी त्याची बदली झाली आणि तो गेला.

आता त्या बुधवारचं सांगते. हारकोर्ट शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. मुख्याध्यापकाची जागा शुक्रवारी ठरायची होती, आणि या शाळेत बाईला ती कधी मिळालेली नव्हती. त्याआधी सोमवारी तो मला पोस्टात भेटला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "मिस कर्नो, तुम्ही लॉरीतून हिंडता असं ऐकलं. शाळाप्रमुखाने गावाच्या भानगडींपासून चार हात लांब राहिलेलं बरं, नाही का?" बस, एवढंच. फाशीविषयी तो एक अक्षर बोलला नाही. तो सही करील की नाही, हे मला त्यातून कळलं नाही, आणि आजही ठाऊक नाही.

बुधवारी चारला शाळा सुटली. कागद माझ्या पिशवीत होता. मी घरी आले, टोपीसुद्धा काढली नाही. पाच वाजता निघू म्हणून पाचवीच्या वह्या तपासायला घेतल्या. पाच वाजले, सहा वाजले. त्याच्या जेवणाच्या वेळी जाणं बरं दिसणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर सांगितलं, आता उशीर झाला. सगळ्या वह्या तपासून झाल्या, एकूण एक. जागा मला शुक्रवारी मिळाली आणि मी ती एकोणीस वर्षं चालवली.

दोन गल्ल्या, व्हर्न. मी गेलेच नाही.