शुक्रवारसाठी पाच पन्नास

गुरुवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी वादिराजराव न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून गीझरच्या टायमरची बटणे दाबत होते. तळहाताएवढी खिडकी, खाली सहा बटणे. वार, तास, मिनिटे. हे काम त्यांना डोळे मिटून येते. तंजावूरच्या जुन्या बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये ते सव्वीस वर्षे वीज आणि पाणी सांभाळतात. चोवीस खोल्यांचे गीझर पहाटे चारला लागतात आणि सातला बंद होतात, ते त्यांनी लावलेल्या टायमरवर. घरात टायमर बसतो आहे, तो आज पहिल्यांदा.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या या घरात गीझर आला, तेव्हा मुलगा कार्तिकेय दोन वर्षांचा होता. त्याचा हात पोचू नये म्हणून वादिराजरावांनी स्विच जमिनीपासून सहा फुटांवर बसवला. त्यांच्या स्वतःच्या उंचीला तो बरोबर येतो. पण तो दाबण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. ते उठतात चार वीसला. त्यांच्या पत्नी भुवनेश्वरी तीन पन्नासला. त्यांना टाचा उचलून, उजवा हात पूर्ण ताणावा लागे. कार्तिकेय आता होसूरला नोकरी करतो. स्विच तिथेच राहिला.

गेल्या महिन्यात भुवनेश्वरींचा उजवा हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी खांदा आखडल्याचे सांगितले आणि विचारले, “हात रोज वर न्यावा लागतो असं काही काम आहे?”

“गीझरचा स्विच,” भुवनेश्वरी म्हणाल्या. वादिराजराव शेजारच्याच खुर्चीत होते. स्विचमुळेच झाले, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. सकाळी खांद्यावर गरम पाणी घ्यायला सांगितले. बरे व्हायला वर्ष लागेल, हात पूर्ण वर जाईलच असे नाही, हेही सांगितले.

म्हणून हा टायमर, साडेचार फुटांवर. वादिराजरावांनी पहिली वेळ भरली: रोज तीन पन्नास ते चार वीस, स्वतःच्या अंघोळीची. पाच वीसला त्यांची मोपेड गल्लीतून बाहेर पडते. मग खिडकीत दुसऱ्या वेळेच्या जागी चार शून्ये आली.

भुवनेश्वरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून डाव्या हाताने मुरुंगईची, म्हणजे शेवग्याची, पाने खुडत होत्या.

“भुवना, तू किती वाजता न्हातेस?”

त्यांनी वर पाहिले. “सव्वीस वर्षं झाली. आज विचारता?”

“यात भरायचं आहे, म्हणून.”

“तुमचं झालं, तुम्ही गेलात, की उरलेल्यात.”

“उरलेलं म्हणजे कोमटच.”

“कोमटच की. शुक्रवारी तेल लावते, तेव्हा गॅसवर पातेलं ठेवते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं हो. कार्ति सातवीत होता. तुम्ही म्हणालात, लॉजमधला एक जुना टायमर आणून लावतो.”

वादिराजरावांना ते आठवत नव्हते. लॉजची तक्रारवही मात्र त्यांना पाठ आहे: खोली चौदा, पाणी कोमट, सहा दहा, दुरुस्त, सहा पंचवीस.

“पंधरा मिनिटांत,” ते स्वतःशीच म्हणाले.

“काय पंधरा मिनिटांत?”

“लॉजच्या खोली चौदाची कोमट पाण्याची तक्रार मिटवली होती. उद्या चार वीसचं पाणी तू घे. मी उरलेल्यात न्हातो.”

“मग खोली चौदावाले तुम्ही! तक्रार कुणाकडे करणार, मजकडे?” त्या हसल्या. हसताना खांदा दुखला, तेव्हा थांबल्या. “मज चारला न्हायचंच नाही. तुमच्यासाठी उठत होते. मज सहाला न्हायचं आहे. त्याआधी झोपायचं आहे.”

“आणि कॉफी?”

“डिकॉक्शन रात्री काढून ठेवते. दूध तापवायला तुम्हांस येतं की नाही?”

“येतं.”

“डोळा तीन पन्नासला उघडेलच म्हणा. त्यास टायमर नाही.”

“उघडू दे. तू उठू नकोस.”

त्या पाने खुडत राहिल्या.

वादिराजरावांनी दुसरी वेळ भरली, चालू पाच पन्नास, बंद सहा वीस, आणि सगळ्या वारांवर लावली. सहा फुटांवरच्या जुन्या स्विचला आता काम नव्हते. त्याची चौकट काढली, तर खाली स्वच्छ भिंतीचा चौकोन निघाला. बटणाची खालची कड बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी स्विच खिशात टाकला आणि तारांवर कोरी पट्टी बसवली.

उद्या शुक्रवार, तेलाच्या न्हाणाचा. गीझरचा लाल दिवा दुसऱ्यांदा लागेल पाच पन्नासला. त्या वेळी वादिराजराव लॉजच्या गच्चीवर टाकीपाशी असतात.