केतकीच्या ॲडमिशनचा कौल

माझ्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी मी देवाला फसवलं. दोन वर्षं झाली, कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी कुणालाच काही सांगत नाही. मला ताप आलाय हेसुद्धा साहेबांना शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून कळतं. पण हे प्रकरण आता पोटात राहत नाही, म्हणून एकदाचं ओकून टाकतो.

केतकी बारावी झाली आणि म्हणाली, मला फॅशन डिझाइन करायचंय, नाहीतर मर्चंडायझिंग. डिझाइन म्हणजे काय ते मला साधारण कळलं. मर्चंडायझिंग म्हणजे काय, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की कुठला कपडा, किती, कधी आणि कुठे विकायला ठेवायचा हे ठरवायचं. आमची ही म्हणाली, "हे तर मच्छी मार्केटात रोज पहाटेपासून चालतं. त्यांना कुणी पदवी देत नाही."

मग माहितीपत्रकं आली. पहिलं पुण्याच्या एका खाजगी संस्थेचं. कागद इतका गुळगुळीत की त्यावर ठेवलेलं पापलेट घसरलं असतं. शेवटच्या पानावर फी होती. ती वाचून आम्ही नवरा-बायको एकदमच पाणी प्यायला उठलो. दुसरा पर्याय रत्नागिरीतला, शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला तो फार आवडला. (मी त्याचा अभ्यासक्रम वाचलाच नव्हता. मला ती दहा मिनिटंच आवडली होती.) केतकी म्हणाली, "बाबा, ह्यातलं सगळं मला आत्ताच येतं."

तेव्हा मी आयुष्यातलं सर्वांत धूर्त वाक्य बोललो. म्हटलं, "परवडणारं कॉलेज शोध, मग बघू." मला खात्री होती की असलं काही सापडणार नाही. पोरगी आठ दिवस फोनला चिकटून बसली. कॉलेजांना फोन केले, एका सीनियर मुलीला गाठून मेसचे पैसे विचारले, कापड आणि शिलाई मशीन स्वतःचं लागतं की कॉलेज देतं तेही विचारलं. ह्या छुप्या खर्चातच लोक मरतात, असं मलाच समजावलं. नवव्या दिवशी तिनं एक वही माझ्यापुढे ठेवली. मुंबईतलं अनुदानित कॉलेज, तीन वर्षांची पदवी, डिझाइन आणि मर्चंडायझिंग दोन्ही, मुलींचं वसतिगृह आवारातच. फी इतकी कमी होती की मला राग आला!

आता खरं सांगतो. अडचण पैशांची नव्हतीच. घरात मी जे काय बोलतो ते केतकीशी. गॅसवाल्याला तक्रार तीच करते, लग्नकार्यात माझ्या वतीनं चौकशा तीच करते. ती गेली की मी आणि फ्रीज दोघेच आवाज करणार, त्यातही फ्रीज जास्त. पण "तू जाऊ नकोस, मला करमणार नाही" हे वाक्य माझ्या तोंडातून निघणं म्हणजे कातळातून झरा निघण्यासारखं. त्याऐवजी मी म्हणालो, "ग्रामदेवतेला कौल लावू. देव म्हणेल तसं."

केतकी बरं म्हणाली. तिचा देवावर विश्वास आहे. माझ्यावरही होता.

फी भरायचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचपर्यंत पैसे गेले नाहीत तर जागा दुसऱ्या मुलीला. आम्ही दुपारीच एसटीनं गावी पोचलो. दत्तूकाका गुरवांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला लावल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर पोरीनं मुंबईला जायचं, डावी आधी पडली तर राहायचं. मग ते जमलेल्या पंधरा-वीस मंडळींकडे तोंड करून गाऱ्हाणं घालायला वळले.

माझ्या खिशात गोंदाची छोटी ट्यूब होती. घरातून निघताना केतकीच्या शिवणाच्या डब्यातून उचललेली. बेत असा की उजवी पाकळी चिकटवून टाकायची, मग पडेल ती डावीच. मी नमस्काराला वाकलो, उजव्या हाताची पाकळी हळूच उचलली, मागे थेंब सोडला, दाबली. उठून उभा राहिलो आणि लक्षात आलं की ती माझी उजवी. देव माझ्याकडे तोंड करून बसलेला, त्याची ती डावी! म्हणजे पोरीला घरी ठेवणारी पाकळी मी स्वतःच्या हातानं कायमची पक्की केली होती. ती ओढून पाहिली, सुटेना. मग काय करणार, पुन्हा वाकलो आणि दुसरीही चिकटवली. निदान देव काहीच बोलला नाही तर पाच आपोआप वाजतील. (हा विचार मी देवळात, देवासमोर, हात जोडून केला.)

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, दोन-दोनदा वाकतो. भाविक माणूस."

गाऱ्हाणं संपलं. सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पाकळ्या कडेनं सुकायला लागल्या, पण हलेनात. दत्तूकाकांनी पंखा बंद करायला लावला, मग चालू करायला लावला. शेवटी ते गंभीर होऊन म्हणाले की देव रुसलाय, ह्या घराचं काहीतरी चुकलंय. आणि त्यांनी माझ्या चुकांचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, शिमग्याला हा पालखीला खांदा द्यायला आला नसंल…"

"व्हय म्हाराजा," मंडळी एका सुरात.

"वर्षाचा नारळ द्यायचा ऱ्हायला असंल…"

"दोन वर्षांचा," ही मधेच म्हणाली.

"व्हय म्हाराजा!"

त्यानंतर गाडी उताराला लागली. चुलतभावाला आठवलं की मी त्याच्या घरभरणीला आलो नव्हतो. एका म्हातारीनं सांगितलं की हा रस्त्यात भेटला तर ओळखच देत नाही. हिनं तर संसाराची वीस वर्षं सालवार मांडली. प्रत्येक गुन्ह्यावर वीस माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती आणि मी मान हलवत होतो, कारण सगळं खरं होतं. खरा गुन्हा तेवढा कुणाच्या यादीत नव्हता.

साडेचार वाजले. केतकी उठली आणि पाषाणाजवळ गेली. कपड्याच्या शिवणीकडे बघते तशी डोळे बारीक करून तिनं पाकळीची कड पाहिली, बोटानं चाचपली, बोट नाकाशी नेलं. मग वळून फक्त माझ्याकडे पाहिलं. कुणाला काही न सांगता बाहेर गेली. मी मागोमाग.

देवळामागच्या कातळावर ती उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांचे कोपरे हलत होते.

"बाबा, तो कपड्यावर टिकल्या लावायचा गोंद आहे. मशीनमध्ये धुतला तरी सुटत नाही."

मी खिशातली ट्यूब काढून तिच्या हातात ठेवली.

"मला पाठवायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. पैसे नाहीत म्हणाला असतात तर मी हट्ट केला नसता."

"पैसे आहेत," मी म्हणालो. शेवटी तोंडातून आलं, "तू गेलीस की मी बोलू कुणाशी?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले. नंतर म्हणाली, "एवढंच बोलायला देवाला दुपारभर ताटकळत ठेवलंत?"

पाचला वीस मिनिटं कमी होती. मी फोन काढला. रेंज नव्हती. कातळावरच्या सगळ्यांत उंच दगडावर चढलो, हात वर केला, एक कांडी दिसली. हात खाली घेऊन आकडा टाकला की रेंज जायची. म्हणून मी फोन डोक्यावर धरून उभा आणि केतकी माझ्या खांद्याला धरून, टाचा उंचावून बटणं दाबतेय, असे आम्ही बापलेक पैसे भरत होतो. पाचला चार मिनिटं असताना पावती आली. मी दगडावरून उतरताना पडलो. ती हसली, म्हणजे माफी मिळाली असं मी धरून चाललो.

आत दत्तूकाकांनी निकाल जाहीर केला होता की देव बोलत नाही म्हणजे त्यानं घरच्यांवर सोपवलंय. आम्ही फी भरली म्हटल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं.

केतकी आता शेवटच्या वर्षाला आहे. रोज फोन करते आणि मला बोलायला लावते. माझी वाक्यं हल्ली चार-पाच शब्दांपर्यंत पोचलीत. पण गावात ती दुपार वेगळ्याच कारणानं लक्षात राहिली. ज्याच्या प्रश्नावर देवसुद्धा विचारात पडला असा माणूस, अशी माझी कीर्ती झाली. गेल्या सभेत मला एकमतानं देवस्थान समितीवर घेतलं. इतिवृत्तात कारणही लिहिलंय: 'मितभाषी आणि प्रामाणिक.'

त्यातलं मितभाषी मी आधीपासूनच होतो. दुसऱ्यासाठी हा एवढा मोठा लेख लिहावा लागला.