अर्ध्या डिग्रीचा अपमान

आमच्या डॉक्टरांइतक्या सावकाश पोट उघडणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि रोग्यांच्या नातेवाइकांचं नशीब बरं असेल तर पुन्हा होणारही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी त्यांच्या शेवगावच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा-बांधणारा, होतो. नगरचे एक सर्जन म्हणे विडी विझायच्या आत अपेंडिक्स काढत. आमच्याकडे माणसं रोगी आत सोडून बाजार करून, जेवून, डुलकी काढून येत, तरी आतडं कोमट ओल्या फडक्यात मानानं बसलेलंच असे. "डाक्टर, बाजार उठला की! अजून झालं न्हाई व्हय?" एक म्हातारा दारातून ओरडला. आतून उत्तर आलं, "आतड्याला विचारतोय. ते हो म्हणालं की शिवतो."

ऑपरेशननंतरची सूज आणि ताप रोगामुळं कमी, सर्जनच्या हातामुळं जास्त, हे त्यांचं ठाम मत. ओढलं, चिमटलं, कोरडं पडू दिलं की शरीर चिडतं म्हणत. त्यासाठी हातमोज्यांवरची पावडरसुद्धा आम्ही तीन पाण्यांनी धूत असू. रोग्याला अर्धी डिग्री ताप चढला तरी त्यांचा जाहीर अपमान होई, आणि तापाच्या तक्त्यावर ते शाईनं लिहीत, 'चूक माझी'. एकदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा बायको दुधावरची साय काढत होती. "वहिनी, ओढू नका, उचला." "मग तुम्हीच उचला," ती म्हणाली. त्यांनी उचलली, अगदी अखंड. चहा मात्र दिवेलागणीला मिळाला.

मग त्यांचंच अपेंडिक्स फुटायला आलं. नगरला न्यायला पेट्रोल मिळेना. हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी तोवर एकट्यानं कुणाचं पोट उघडलं नव्हतं. आता गुरूचंच उघडायचं होतं. पाठीत सुई देऊन छातीखाली बधिर केलेले गुरुवर्य शुद्धीवर होते, म्हणजे बोलत होते. "हळू रे. आतडं आहे ते, गोणपाट नव्हे." तरी धाकट्यांनी घाबरून आतडं दोनदा चिमटलं, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मामीटर पाहिला. एकशे तीन. धाकटे आकडा ऐकायला दारात उभे, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी थर्मामीटर माझ्याकडून घेतला, पाहिला आणि झटकून पारा उतरवला.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. उद्याची हर्नियाची केस तूच कर."

धाकटे डोळे पुसत गेले. डॉक्टरांचे दात वाजत होते. "लक्ष्मण, घोंगडी दे. आणि तक्त्यावर अठ्ठ्याण्णवच लिही."

मी रोज तेच लिहिलं. ताप पाचव्या दिवशी उतरला. डॉक्टर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. धाकटे डॉक्टर भेटले की अजून अभिमानानं सांगतात, "माझ्या पहिल्या केसला ताप आलाच नव्हता."

"व्हय," मी म्हणतो, "न्हाई आला."