मोहोळच्या पुढे वाजलेली बेल

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. 'अंगात आलंय', 'बाहेरचं लागलंय' म्हणत आलेल्यांना डॉक्टर जंताची नाहीतर अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून देतात, मी ती हातावर ठेवते आणि बहुतेकांना गुण येतो! वडिलांनी लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतलेल्या, त्यामुळे अंगारे-धुपारे, भुतंखेतं हा विषय आमच्या घरात कधी नव्हताच. गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा मी बांधू दिली नाही. तरीही... जे झालं ते झालं.

आम्ही टेंभुर्णीला राहतो. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. रिटायर झाले आणि वर्षभरात काचबिंदूने उजवा डोळा गेला. डावाही त्याच वाटेने निघालेला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं — गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची तर लवकर ऑपरेशन करा, आणि नंतर तपासणीला वरचेवर यावं लागेल. हे सगळं ऐकून आमचे हे काय म्हणाले? "बघू."

हे 'बघू' पाच महिने चाललं. कारण एकच... दुसऱ्याच्या हातात गाडी दिलेली यांना सोसत नाही. एसटीने गेलो तर अख्खा रस्ता त्या ड्रायव्हरच्या चुका मोजणार. एकदा भाड्याची गाडी केली, तर मोडनिंबलाच त्या पोराशी भांडून खाली उतरले. "डोळा गेला तर गेला, पण कुणाच्या भरवशावर मी बसणार न्हाय," असं म्हणाले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आणि मग जो राग आला म्हणता! दारात आमची गाडी धूळ खात उभी होती. चौपन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

शिकवायला शेखभाई होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, क्लच आहे तो, शिलाई मशीन नाही. आहिस्ता!" चढावर हाफ क्लच धरताना गाडी इतक्यांदा बंद पाडली की चौकातला चहावाला मला ओळखायला लागला. पण माणूस शिकवायचा मन लावून. लेन बदलताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून बघायचं. कारण आरशात न दिसणारी जागा असते, तो ब्लाइंड स्पॉट. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात तीन सेकंद मोजायचे. त्याच्या आत आपण खांबाशी पोचलो तर आपण तिला चिकटलोय. मी हे सगळं वहीत लिहून पाठ करायची आणि हे कॉटवरून ऐकायचे. एकदा म्हणाले, "ब्लाइंड स्पॉट व्हय? नाव न्हवतं म्हाईत आमाला. पण तितं कायम एक मोटरसायकलवाला असायचा."

टेस्टला पहिल्यांदा रिव्हर्समध्ये नापास, दुसऱ्यांदा पास. मग महिनाभर गावातल्या गावात आणि बायपासला हात साफ केला. त्यानंतर आठ दिवस विनवण्या... शेवटी हे तयार झाले, पण अटींवर. फक्त तपासणी. ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. शिकाऊ माणसानं गाणी लावायची नाहीत. काचा सगळ्या बंद, डोळ्यात धूळ नको.

जानेवारी महिना, सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. उसाचा सीझन म्हणजे हायवेवर ट्रॅक्टर किती असतात ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. मोहोळ सोडून आठ-नऊ किलोमीटर झाले असतील. हे शेजारी बसून पायाखालची मॅट दाबत होते — म्हणजे त्यांचा आपला वेगळा ब्रेक! डाव्या लेनमध्ये एक उंच कंटेनर चालला होता, त्याचा वेग कमी व्हायला लागला. मला वाटलं, चहाला थांबत असेल. मी उजव्या लेनमध्ये होते, रस्ता मोकळा दिसत होता. म्हटलं, चला, काढू पुढे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, तेवढ्यात—

टिंग!

एकच. स्वच्छ, पितळी आवाज. अगदी माझ्या डोक्यामागे.

एसटीत बसलेल्या कुणालाही कळेल. कंडक्टर दोरी ओढतो ती बेल. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. विचार करायला वेळच नव्हता. आरशात एक नजर टाकली, मागे कुणी नाही, आणि ब्रेक दाबला. गाडी कंटेनरच्या मागच्या चाकाशी थांबली, आणि त्याच क्षणी कंटेनरच्या पुढून, डावीकडून उजवीकडे, दुभाजकाच्या कटकडे एक ट्रॅक्टर आडवा निघाला. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, खच्चून भरलेल्या. त्याच्यासाठीच कंटेनर हळू झाला होता, आणि कंटेनरमुळेच तो मला दिसला नव्हता. मी पुढे गेले असते तर... जाऊ दे.

दुसरी ट्रॉली नीट पार झाली. आणि परत— टिंग टिंग!

हे एकदम सवयीनं म्हणाले, "डबल झाली. सोड गाडी."

मी सोडली! फर्स्ट, सेकंड, थर्ड. अर्धा किलोमीटर गेला. मग हे हळूच म्हणाले, "अगं... बेल कुणी मारली?"

"अहो, तेच विचारतेय मी!" (विचारलं काही नव्हतं म्हणा.) मागच्या सीटवर माझी पर्स आणि यांच्या फायलीची पिशवी, दुसरं काही नाही. मी गाडी कडेला घेतली, दोघं उतरलो, डिकीसुद्धा उघडून बघितली. स्टेपनी होती. मग काय झालं कुणास ठाऊक, हे हसायला लागले आणि मीही... भर हायवेवर पार्किंग लाइट लावून आम्ही दोघं वेड्यासारखे पोट धरून हसत होतो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काका, ऑपरेशनचं काय ठरलं? तुम्हाला आणायला-न्यायला कोण आहे?" अट आठवून मी नुसती फाईल पुढे सरकवली. हे म्हणाले, "तारीख द्या. ड्रायव्हर हाय की घरची."

मी खिडकीकडे तोंड केलं. डोळ्यांच्याच दवाखान्यात डोळे पुसायची कसली लाज, पण तरी.

ऑपरेशन नीट झालं, डावी नजर आहे तेवढी टिकून आहे. बेलचं मात्र काही कळलं नाही. मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली — काही सैल नाही, काही वाजत नाही. बाहेर कुठल्या बैलाच्या घुंगरांचा आवाज म्हणावा तर तो मोजून आधी एकदा, मग दोनदा कसा वाजेल? ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणं लावलेलं होतं, बंद काचांतून तेसुद्धा पुसट येत होतं. भावजय म्हणाली, यांचा कुणी जुना कंडक्टर वारला असेल. यांचे कायमचे असे दोघंच होते, दोघंही ठणठणीत! एकाला फोन केला तर त्यानं आम्हालाच वेड्यात काढलं. शेखभाई म्हणाले, "मॅडम, तुमच्याच मनात वाजली." बरं, माझ्या मनात वाजली. मग यांना कशी ऐकू आली? मी औषधवाली बाई, माझ्याकडे याला गोळी नाही.

परतीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी दुपारी त्याच कटपाशी आलो तेव्हा मी वेग कमी केला. म्हटलं, यांना विचारावं, इथंच ना हो? बघते तर हे मान कलती करून, तोंड उघडं टाकून घोरत होते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, चालत्या गाडीत या माणसाला झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. टेंभुर्णीपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.