पेट्रालोनोची साठ माणसं

एव्दोकिया कार्वेलाने एकतीस वर्षं पेट्रालोनो गावाची माणसं सांभाळली. सांभाळली म्हणजे लिहून ठेवली. जन्म, लग्न, मरण. डोंगरावरच्या त्या गावात ग्रामकचेरी म्हणजे एक खोली, एक लोखंडी शेगडी आणि ही बाई. मी खाली शहरात नगरपालिकेच्या नोंदणी खात्यात होते. महिन्यातून एकदा तिच्या वह्या तपासायला वर जायची आणि तिच्या हातची, पालेभाजी भरून भाजलेली पिटा खाऊन परत यायची. वहीत चूक कधी सापडायची नाही. खरं सांगते, मला ते खटकायचं. आमच्याकडे पानापानाला खाडाखोड, आणि हिचं अक्षर बघावं तर सुईने टाचल्यासारखं.

लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदाच विचारलं. म्हणाली, "अगं एरास्मिया, दुसऱ्यांची लग्नं लिहिता लिहिता माझी शाई संपली." यापुढे ती काही सांगणारी नव्हती, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

तिची एक पद्धत होती, जी कुठल्याही नियमात नव्हती. माणूस मेला की त्याच्या नावापुढे ती पेन्सिलीने बारीकसा क्रॉस काढायची. शाईने नाही. आमच्याकडे मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घराच्या आसपास घुटमळतो म्हणतात. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होते, साखर घातलेले उकडलेले गहू वाटतात, मग तो जातो. ते गहू खाऊन आली की एव्दोकिया पेन बाहेर काढायची आणि क्रॉसवरून शाई फिरवायची. मी म्हणायचे, "सरकारला काय सांगशील? तुझा मेलेला चाळीस दिवस वहीत जिवंत!" तर ती म्हणायची, "सरकारला घाई असेल. त्या बिचाऱ्याला नसते."

मग सुधारणा आली.

सुधारणा वाईट होती असं मी म्हणणार नाही. आमच्या खात्याची लायकी काय होती ते मला ठाऊक आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण जणू आमच्याच दारावर लिहिली होती. देशाच्या कागदावर मेलेली माणसं मतं देत होती, हेही खोटं नाही. म्हणून अथेन्सहून हुकूम आला. लहान गावांच्या कचेऱ्या बंद करा, सगळं शहरात आणा, सगळं कॉम्प्युटरवर चढवा. नोंद ग्राह्य ती शाईची. पेन्सिलीच्या खुणा खोडून टाका. दोन कंत्राटी मुली पेट्रालोनोच्या वह्या पुढ्यात घेऊन तीन दिवस खोडरबर घासत बसल्या. एव्दोकिया शेजारी उभी राहून बघत होती. शाई फिरवायची राहिलेलं कुणी नाही, अशी तिची खात्री होती.

एक राहिला होता. एकतीस वर्षांत एक.

अर्गिरिस व्रेतोस, बापाचं नाव झाफिरिस. म्हातारा चौऱ्याऐंशी साली वारला. त्याचे चाळीस दिवस भरायच्या आत त्याच्या मुलाला मुलगा झाला. आमच्या रीतीप्रमाणे नातवाला आजोबाचं नाव, आणि मुलाला त्याच्या आजोबाचं आधीच होतं. म्हणजे नातूही अर्गिरिस व्रेतोस, बापाचं नाव झाफिरिस. एव्दोकियाने बाळाची नोंद शाईने केली. नंतर म्हाताऱ्यासाठी वही उघडली, तेव्हा तेच नाव, तीच ताजी शाई डोळ्यांसमोर आली आणि तिला वाटलं, हे काम आपण केलंय. तिने वही मिटली. ही चूक फक्त आमच्याच मुलखात होऊ शकते.

पेन्सिलीचा क्रॉस पुसला गेला आणि म्हातारा उठून बसला. कॉम्प्युटरला एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाचे दोन जिवंत दिसले. त्याने ठरवलं की एकच माणूस चुकून दोनदा लिहिलाय. आधीची नोंद ठेवली, नंतरची तिच्यात मिसळून टाकली.

पुढच्या महिन्यात शंभरी ओलांडलेल्या सगळ्यांना पत्रं गेली. जिवंत असाल तर स्वतः हजर व्हा, नाही तर मृत समजण्यात येईल. आणि माझ्या खिडकीपुढे अर्गिरिस येऊन उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांचा, गळ्याला मधमाशा चावल्याचे डाग, कारण तो मधाच्या पेट्या ठेवायचा.

"मावशी, मी हजर आहे," तो हसत म्हणाला.

मीही हसले. साहेबांना बोलावलं. साहेब नव्या पद्धतीचे, गेल्याच वर्षी अथेन्सहून आलेले. त्यांनी पत्र बघितलं, अर्गिरिसकडे बघितलं.

"तुमचं वय एकशे तीन आहे?"

"दिसत नाही का? मध खातो ना रोज."

"म्हणजे नाही. मग पत्र ज्यांना गेलं ते तुम्ही नाही."

"माझ्याच नावाचं आहे की हो!"

"नावाचं आहे, तुमचं नाही," साहेब शांतपणे म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "लिहा. संबंधित व्यक्ती हजर झाली नाही."

मी लिहिलं. मला वाटलं, कागदाची गंमत आहे, उद्या निस्तरू. संध्याकाळी कॉम्प्युटरवर पेट्रालोनोची जिवंत माणसं एकसष्टाची साठ झाली; म्हाताऱ्याच्या नोंदीबरोबर नातूही मेला.

अर्गिरिसची बायको मिर्सिनी तेव्हा आठव्या महिन्यात होती. मेलेल्या माणसाचं लग्न उरत नाही. मूल जन्मलं असतं तर बापाच्या रकान्यात रेघ पडली असती, आणि आमच्या गावांत ती रेघ मूल मोठं होऊन म्हातारं होईपर्यंत त्याच्या पाठीवर असते. मिर्सिनी शहरात येऊन माझ्या खिडकीवर डोकं टेकून रडली. "मावशी, रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बघते हो मी. चालू आहे ना म्हणून."

गावातही बदल होत होता. आमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबाला दोन चिठ्ठ्या देतात, एकीवर जित्यांची नावं, दुसरीवर मेलेल्यांची, आणि तो वेदीसमोर वाचतो. अर्गिरिसचं नाव कुठल्या चिठ्ठीवर लिहायचं, यावर बायका घुटमळू लागल्या. कुणी दोन्हींवर लिहायचं. जित्याचं नाव मेलेल्यांच्या चिठ्ठीवर गेलं तर ते त्याला ओढतं म्हणतात. वसंतात त्याच्या तीन पेट्यांमधल्या माशा एका दिवसात मेल्या. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

एव्दोकियाची बदली तोवर शहरात झाली होती, माझ्या शेजारच्या टेबलावर, बिनकामाची. ती साहेबांकडे गेली. सरळ म्हणाली, "चूक माझी आहे. माझ्यावर काय करायचं ते करा. मुलाला जिवंत करा."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली. "बाई, यादीला अथेन्सहून कुलूप लागलंय. ही सगळी सुधारणा खोटी माणसं कमी करायला आहे. कुलूप लागल्यावर ज्या गावाचा आकडा वाढेल, त्याची चौकशी समिती करणार. दोन वर्षं तरी लागतील. आकडा कमी झालेला चालतो. तेवढाच चालतो."

"आणि कमी होऊन पुन्हा तेवढाच झाला तर?"

"म्हणजे कुणी वारलं, आणि त्या जागी राहिलेली नोंद घातली? मग आकडा साठचा साठ. त्याला कुणी हात लावणार नाही."

त्या दिवसापासून आम्ही दोघी कुणाच्या तरी मरणाची वाट बघू लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. गावात सगळ्यांत म्हातारी फोतिनी आजी, चौऱ्याण्णव वर्षांची, हिवाळ्यापासून अंथरुणावर. एव्दोकिया रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची. सकाळी टेबलावर आली की मी भुवया उंचावायची. ती मान हलवायची. मेच्या मधल्या एका सोमवारी आली आणि म्हणाली, "उठली."

"कोण?"

"फोतिनी. स्वतः उठून चीजपाय भाजला. मला दोन तुकडे दिले. म्हणाली, तू रोज येतेस म्हणून मला जगावंसं वाटतंय गं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की साहेब बाहेर आले. मग एव्दोकियाचं हसू थांबलं आणि तिने नवा मृत्यूचा फॉर्म पुढे ओढला. त्या आठवड्यात तिची निवृत्ती होती, सही करायचा अधिकार चार दिवस उरला होता. तिने फॉर्म भरला. मृताचं नाव, एव्दोकिया कार्वेला. खबर देणारी, एव्दोकिया कार्वेला. नोंद घेणारी अधिकारी, एव्दोकिया कार्वेला. सगळं शाईने.

"वेडी झालीस का?" मी म्हणाले. "आणि उद्या आजारी पडलीस तर? दवाखान्यात काय सांगशील?"

"मला ना मूल ना बाळ. कोंबड्या आहेत, वाफे आहेत. कोंबड्यांना माझा दाखला लागत नाही." तिने फॉर्म माझ्या हातात दिला. "मला ते यंत्र चालवता येत नाही. तू घाल."

मी घातलं. यंत्राने सगळे रकाने भरलेत का ते बघितलं. भरलेले होते. त्या जागी मी अर्गिरिस व्रेतोस, जन्म एकोणीसशे चौऱ्याऐंशी, असा लिहिला. आकडा साठ. वीस दिवसांनी मिर्सिनीला मुलगी झाली आणि बापाच्या रकान्यात बापाचं नाव आलं. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सप्टेंबरमध्ये मुलीच्या जन्माचा दाखला घेऊन मी मुद्दाम बसने वर गेले. टपालाने पाठवता आला असता, पण तो एव्दोकियाच्या हातात द्यायचा होता. चौकातल्या कॉफीच्या दुकानात चार-पाच जण बसले होते. मी विचारलं, "एव्दोकिया घरी आहे का?"

 फोतिनी आजी उन्हात खुर्ची टाकून बसली होती. तिने छातीवर क्रॉस केला. "एव्दोकिया? ती मे महिन्यात गेली की गं. देव तिला क्षमा करो."

मी हसले. कुणी हसलं नाही. दुकानदाराने माझ्यापुढे कॉफी ठेवली, सोबत खडखडीत टोस्ट. कुणी मेल्यावर भेटायला आलेल्यांना आमच्याकडे तेच देतात.

मी तशीच उठून तिच्या घरी गेले. दार उघडं होतं. एव्दोकिया स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. माझा जीव भांड्यात पडला, पण ती बारीक झाली होती, आणि मी नावाने हाक मारली तेव्हा दचकली. चार महिन्यांत कुणी मारली नव्हती.

"हे काय चाललंय?" मी ओरडले. "खाली सगळे म्हणतात..."

"हळू बोल. त्यांचं चुकलं नाही." तिने शेंगांचं भांडं बाजूला सारलं. "मी गेले ती बातमी सगळ्यांना माहीत होती. का गेले तेही. तेव्हा ठरलं की समितीचं माणूस कधी वर आलं तर कुणाच्या तोंडून चुकून निघायला नको. नाही तर अर्गिरिस परत मरेल. म्हणून सगळ्यांनी म्हणायचं, ती मेली. पहिल्यांदा मजा वाटली. मी पाव घ्यायला गेले की बेकरीवाला म्हणायचा, भूत आलं, भूत आलं! मग तो पाव नुसता कट्ट्यावर ठेवू लागला. बघायचा नाही. आणि चाळिसाव्या दिवशी त्यांनी माझे गहू केले."

"तुझे?"

"समितीने विचारलं तर सांगायला हवं ना, केले म्हणून. मीही गेले चर्चमध्ये, मागे उभी राहिले. पाद्रीबाबाने मेलेल्यांच्या चिठ्ठीवरून माझं नाव वाचलं. सगळे म्हणाले, देव तिला क्षमा करो. सवयीने मीही म्हणाले." ती थोडी हसली. "गहू चांगले झाले होते. त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. आता ते नाटक करत नाहीत, एरास्मिया. मी बघते ना त्यांच्या डोळ्यांत. त्यांना खरंच तसं वाटतं."

मी तिला म्हणाले, माझ्याबरोबर चल, खाली माझ्या घरी राहा, आपण अर्ज करू, समितीला सगळं सांगू. तिने मान हलवली. समितीला सांगायचं म्हणजे अर्गिरिसला पुन्हा मारायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी दाखला पुढे केला. तिने चष्मा लावला आणि प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. बापाच्या नावाशी बोट बराच वेळ थांबलं. "अक्षर यंत्राचं आहे," ती म्हणाली, "पण चूक नाही."

"मुलगी कुणासारखी आहे?" मी विचारलं.

"मला कुठे माहीत? दाखवली नाही. अजून बाप्तिस्मा व्हायचाय. अशा लेकराला मेलेल्याच्या घरी नेत नाहीत."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. अर्गिरिस मुलीला कडेवर घेऊन रस्त्याने वर चालला होता. एव्दोकिया उठली, एप्रनला हात पुसले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तो अगदी समोरून गेला. त्याने खिडकीकडे बघितलं, शपथेवर सांगते, बघितलं. मग छातीवर क्रॉस केला आणि मुलीचा चेहरा आपल्या खांद्यात लपवून पावलं भरभर टाकू लागला.

"काळे केस आहेत," एव्दोकिया म्हणाली. तेवढंच तिला दिसलं होतं.

शेवटच्या बससाठी मी निघाले. तिने दारापर्यंत सोडलं, शेंगांची पिशवी दिली, हात पुढे केला. तो हात धरायला मी क्षणभर कचरले. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने हात मागे घेतला. मीच ते यंत्राचं बटण दाबलं होतं, आणि मीच कचरले, याची मला आजही लाज वाटते.