जावयाचा मान

जावई होण्याचे तोटे असतात, हे देवासच्या दीपेशला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं म्हणा. लहानपणापासून तो फक्त आपल्या पायांचं ऐकत आला. गणपत टेलरचा हा थोरला. देवीच्या टेकरीच्या पायऱ्या धावत चढायचा, तेव्हा बाप म्हणायचा, "पळून पळून जाशील कुठे?" बेसबॉलमध्ये गेला. पिचरने चेंडू टाकायला पाय उचलला रे उचलला, की पहिल्या बेसवरून सुटायचं आणि फलंदाजामागे बसलेल्या कॅचरचा थ्रो यायच्या आत दुसरा बेस गाठायचा. याला बेस चोरणं म्हणतात. दीपेशला दुसरं फारसं काही येत नव्हतं, पण हे येत होतं.

बेसबॉलची पैसे देणारी लीग निघाली, तेव्हा त्याने कारखान्यातली पक्की नोकरी सोडली. आता त्याची तिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. संघाच्या मालकांनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, की बेस चोरण्यात जो सीझनमध्ये पहिला येईल त्याचा करार पुढे चालेल, बाकी म्हाताऱ्यांनी घरी बसावं. शेवटच्या सामन्याआधी दीपेश आणि मणिपूरचा एक कोवळा पोरगा बरोबरीत होते. पोरग्याचे सामने संपले होते. दीपेशला आणखी एकच बेस चोरायचा होता.

आणि समोरच्या संघाचा कॅचर कोण, तर धारचा अंकित, म्हणजे बायकोचा, नीतूचा, सख्खा धाकटा भाऊ.

शेवटचा डाव. दीपेशचा संघ इतका मागे पडला होता, की लोक पार्किंगकडे निघाले होते. दीपेश कसाबसा पहिल्या बेसवर पोहोचला. पिचरचा पाय उचलला गेला आणि तो सुटला. छाती फुटेस्तोवर पळाला, धुळीत घसरत दुसऱ्या बेसवर गेला आणि मान वर करून पाहिलं, तर त्याला आऊट करायला बेसवर कोणी नाही. अंकितने सगळ्यांना आधीच जागेवर थांबायची खूण केली होती. चेंडू त्याच्याच हातात होता आणि तोंडावरच्या जाळीआडून तो हसत होता.

दीपेशने दोन्ही हात उंचावले. पुढच्या चेंडूवर शेवटचा गडी बाद झाला, सामना संपला, आणि मग स्कोअररने सांगितलं, की हा बेस चोरीत धरता येत नाही. समोरच्यांनी अडवायचा प्रयत्नच केला नाही, तर तो फुकट मिळालेला बेस. नियमच तसा आहे. बरोबरीत बेस चोरताना कमी वेळा आऊट झालेला वर लागतो, म्हणून मणिपूरचा पोरगा पहिला आला. त्याचा काय दोष? दीपेशला मात्र त्या दिवशी साऱ्या जगाचा राग आला, आणि सासुरवाडीचा सगळ्यात जास्त.

त्याचा करार गेला. अंकितचा वाढला. कारखान्याने जागा भरली होती, तेव्हा दीपेश बापाच्या दुकानात काजं-बटणं करायला बसला.

जेठात अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायला धारहून बोलावणं आलं. नीतूने रडून नेलं. सासूबाईंनी, सुमंगलाबाईंनी पाटावर बसवलं, ओवाळलं, तांब्याच्या ताटात जाळीदार अनारसे आणि वर दिवा ठेवला.

"आमच्या अंकितनं भर मैदानात तुमचा मान राखला हो, जावईबापू," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि दक्षिणा आणायला आत गेल्या.

ताट धरून अंकित समोर उभा होता. "जिजाजी, अब तक नाराज हो?"

"तू थ्रो मारायला पाहिजे होतास."

"घरच्या जावयाला आऊट करून मी धारमध्ये तोंड कुठे दाखवू?"

"आऊट कशाला झालो असतो?" दीपेशचा आवाज चढला. "मी पोहोचलो असतो. तुझ्या मानापायी माझं वाटोळं झालं, कळतंय का तुला?"

अंकितने आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नसते पोहोचले. बॉल माझ्या हातात आला, तेव्हा तुम्ही अर्ध्यातच होते. सगळ्यांसमोर तसं आऊट होताना मला बघवलं नसतं, जिजाजी. म्हणून नाही मारला."

सासूबाई बाहेर आल्या. अंकितने ताट पुढे केलं. दीपेशने ते दोन्ही हातांनी घेतलं. वाण परत करायचं नसतं.